‘स्टेबल’चा दुसरा अर्थ

शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे अवस्थेराव म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथंच राहिलं होतं.

एकतीस वर्षांपूर्वी इंग्रजी शब्दांना आपल्या भाषेतले अर्थ द्यायचं काम सुरू झालं, तेव्हा संपादकांनी शब्दांची वाटणी केली. झाडाझुडपांचे शब्द एकाकडे, कायद्याचे दुसऱ्याकडे, यंत्रांचे तिसऱ्याकडे. उरले ते असे शब्द, ज्यांच्या अर्थात कसली ना कसली स्थिती होती. पेंग येण्याची, बधिर होण्याची, पोरकं असण्याची, वैधव्याची, दारिद्र्याची. ते कुणालाच नको होते. झाड दाखवता येतं, यंत्र उघडून बघता येतं. अवस्था कुठून उघडून बघणार? शेवटी ते सगळे गठ्ठे कचेरीतल्या सगळ्यांत धाकट्या, बिनलग्नाच्या आणि कशालाच नाही न म्हणणाऱ्या माणसाच्या टेबलावर येऊन पडले.

त्यांच्या दर दुसऱ्या चिठ्ठीचा शेवट ‘असण्याची अवस्था’ असा व्हायचा. एक दिवस टायपिस्टबाईंनी यंत्रावरून मान वर केली आणि म्हणाल्या, “अहो अवस्थेराव, जरा दुसरा शब्द शोधा की! माझ्या यंत्राचा ‘व’ झिजला.” सगळी कचेरी हसली, तेही हसले, आणि नाव पडलं ते पडलंच.

तेव्हा कचेरीत सोळा माणसं होती. आता तिघं उरली होती. साहेब, टायपिस्टबाई आणि अवस्थेराव. नवी आवृत्ती दोन वर्षांनी निघणार होती, असं गेली चार वर्षं चाललं होतं.

अवस्थेराव दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी आतल्या खोलीत ते अजून चपला काढूनच जात. घरी बोलायचं तर भिंतींशी. भिंतींना कान असतात म्हणतात, पण तोंड कुठं असतं? शनिवारी दुपारी कचेरी सुटली की सोमवारी सकाळपर्यंत तोंडातून एक शब्द बाहेर पडायचा नाही. सोमवारी बसमध्ये “एक द्या” म्हणायला गेले की आवाजच फुटायचा नाही. कंडक्टर तिकीट हातात धरून थांबायचा आणि हे आपले घसा खाकरत राहायचे.

वाचकांची पत्रं त्यांच्याकडेच यायची. फार नसायची. कुणी छपाईची चूक कळवायचं, कुणा निवृत्त मास्तरांना एखाद्या ऱ्हस्व-दीर्घावरून झोप लागलेली नसायची. अवस्थेराव प्रत्येकाला ‘नोंद घेतली आहे’ असं उत्तर पाठवत. त्या मंगळवारी मात्र एक वेगळंच पत्र आलं. कपड्यांची मापं लिहायच्या कागदाच्या कोऱ्या बाजूला, निळ्या शाईत, एकेक अक्षर टाका घातल्यासारखं.

‘मी शिवणकाम करते,’ बाईंनी लिहिलं होतं. ‘आठ महिन्यांपूर्वी माझ्या मिस्टरांना दवाखान्यात ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, स्टेबल आहेत. मी घरी येऊन तुमच्या पुस्तकात बघितलं. पान नऊशे बारा. तिथे दोन स्टेबल आहेत. एकाचा अर्थ तबेला. दवाखान्यात तबेला कशाला म्हणतील, म्हणून मी दुसरा घेतला. तिथे लिहिलंय, रुग्ण धोक्याबाहेर असलेला, सुधारत असलेला. माझा मुलगा लांब नोकरीला आहे. तो निघायच्या तयारीत होता. मी त्याला फोन करून सांगितलं, येऊ नकोस, बाबा धोक्याबाहेर आहेत. तिसऱ्या दिवशी मिस्टर गेले. मुलाला बापाचं तोंड दिसलं नाही. तेव्हापासून तो माझ्याशी धड बोलत नाही. माझं भांडण नाही. मला फक्त विचारायचंय, की डॉक्टर चुकीचं बोलले, का पुस्तकात चुकीचं आहे, का मी चुकीचं वाचलं. कृपया कळवावे.’

अवस्थेरावांनी पत्र दोनदा वाचलं. मग उठून मागच्या खोलीत गेले. तिथे लाकडी खणांमध्ये जुन्या चिठ्ठ्या होत्या, प्रत्येक शब्दाची एक. त्यांनी ‘स्टेबल’ची चिठ्ठी काढली. अक्षर त्यांचंच होतं, बावीस वर्षांपूर्वीचं, तरुण आणि टोकदार. आधी लिहिलं होतं, ‘प्रकृतीत बदल नसलेला, आहे तसाच’. त्यावर एक रेघ मारली होती. खाली, दुसऱ्या शाईत: ‘धोक्याबाहेर असलेला, सुधारत असलेला’. कोपऱ्यात तारीख.

ती तारीख त्यांच्या ओळखीची होती. त्या आठवड्यात त्यांची आई दवाखान्यात होती. डॉक्टर दाराशी येऊन म्हणाले होते, “स्टेबल आहेत,” आणि चार दिवसांनी आई स्वतःच्या पायांनी घरी आली होती. पुढं सोळा वर्षं जगली. आपल्याला जे मिळालं तोच शब्दाचा अर्थ, असं धरून त्यांनी चिठ्ठीवर रेघ मारली होती. इतर कुठल्या कोशात बघितलं नाही, कुठल्या डॉक्टरला विचारलं नाही. आनंदात असलेल्या माणसानं एक ओळ लिहिली होती, आणि ती नऊशे बाराव्या पानावर जाऊन बसली होती.

त्यांनी पत्र आणि चिठ्ठी साहेबांपुढं ठेवली.

साहेबांनी चष्मा वर सरकवला. “चिठ्ठी बदला. नव्या आवृत्तीत जाईल.”

“आणि बाईंना काय लिहू?”

“नोंद घेतली आहे.”

“साहेब, त्यांनी विचारलंय, चूक कुणाची.”

“अवस्थेराव, छापलेला कोश चुकत नसतो, तो फक्त जुना होतो. आपल्या शिक्क्याखाली एकदा चूक कबूल केलीत ना, की उद्या दारात रांग लागेल. उगाच खाजवून खरूज काढू नका.”

अवस्थेराव मूग गिळून जागेवर आले. एकतीस वर्षांत त्यांनी साहेबांचा शब्द मोडला नव्हता. ‘नोंद घेतली आहे’ असं त्यांनी लिहिलंसुद्धा. मग ते पत्र पाकिटात न घालता फाडलं, आणि शनिवारी कचेरी सुटल्यावर बाईंच्या पाकिटावरचा पत्ता शोधत निघाले.

दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली होती. लोखंडी शटर अर्धं वर, आत शिवणयंत्र, भिंतीला खुंट्यांवर शाळेचे गणवेश. एकसारखे निळे, तीसेक तरी, जणू एक अख्खा वर्ग डोकी घरी विसरून आला होता. यंत्रामागं साठीच्या आसपासच्या बाई बसल्या होत्या. गळ्यात माप घ्यायची टेप, ओठांत दोन टाचण्या.

“गणवेश मंगळवारी मिळतील,” त्या टाचण्यांच्या फटीतून म्हणाल्या.

“मी शब्दकोशातून आलोय,” अवस्थेराव म्हणाले, आणि आपण काय बोललो हे कळून कानापर्यंत लाल झाले. “म्हणजे, कचेरीतून. तुमचं पत्र आलं होतं.”

बाईंनी टाचण्या काढून उशीत टोचल्या. “उत्तर घेऊन माणूस पाठवला?”

“मला कुणी पाठवलं नाही. तो अर्थ मी लिहिला होता. दुसरा. तो चूक आहे. डॉक्टर बरोबर बोलले, तुम्ही बरोबर वाचलंत. स्टेबल म्हणजे प्रकृती आहे तशी आहे, इतकंच. बरं होतंय असं नाही.”

वाटेत जुळवलेलं सगळं एका दमात संपलं. बाईंनी यंत्राखाली अडकलेली बाही पुढं सरकवली, पायडल मारलं, एक सबंध शिवण संपवली, दोरा तोडला. अवस्थेराव उभेच.

“म्हणजे त्यांनी ‘आहे तसे आहेत’ एवढंच सांगितलं होतं,” बाई म्हणाल्या.

“हो.”

“आणि मी आनंदानं घरभर फिरले. त्यांचा स्वेटर धुऊन वाळत घातला, घरी येताना लागेल म्हणून.” त्यांनी स्टूल पुढं ओढलं. “बसा. उभ्या माणसावर रागावता येत नाही मला.”

ते बसले. बाई रागावल्या मात्र नाहीत. त्यांनी पाणी दिलं आणि एकच मागणी केली. “हे मला कागदावर लिहून द्या. मुलाला पाठवते. तो म्हणतो, तू मला मुद्दाम थांबवलंस. माझ्या सांगण्यावर त्याचा विश्वास नाही. छापलेल्या माणसावर बसेल.”

अवस्थेरावांनी होकार दिला. कचेरीच्या कागदावर लिहिणं शक्य नव्हतं, म्हणून घरी साध्या कागदावर लिहायला बसले. रविवार अख्खा गेला. काहीही लिहिलं तरी ते कोशातल्या नोंदीसारखं उतरत होतं: पहिला अर्थ, दुसरा अर्थ, उदाहरण. शेवटी त्यांनी आईच्या आजारपणाबद्दल लिहिलं, चिठ्ठीवरच्या रेघेबद्दल लिहिलं, आणि खाली हजेरीच्या वहीतलं आपलं पूर्ण नाव. कितीतरी दिवसांत ते नाव त्यांनी इतक्या सावकाश लिहिलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी पत्र द्यायला गेले तेव्हा बाईंनी दवाखान्याची फाइल काढून ठेवली होती. “पोस्टात टाकते हे. पण तुम्ही आलातच तर एवढं वाचून सांगाल? सगळं इंग्रजीत आहे. आता पुस्तक उघडायची भीती वाटते मला.”

फाइल तीनच दिवसांची, पण जाड. अवस्थेरावांनी पान उलटलं आणि त्यांना दिसलं की ती सगळी त्यांच्याच खात्यातल्या शब्दांनी भरलेली आहे. गुंगी, अशक्तपणा, गोंधळलेपण. ते बोट ठेवून एकेक शब्द सांगू लागले. कुठं अडले तर “हे मला नक्की माहीत नाही, विचारून सांगतो” म्हणाले, आणि खरोखरच ओळखीच्या औषधवाल्याला विचारून आले. एका शनिवारात दोन-तीन पानं व्हायची. बाई शिवता शिवता ऐकायच्या. मध्येच यंत्र थांबवून नवऱ्याचं काहीतरी सांगायच्या. तो घड्याळं दुरुस्त करायचा आणि स्वतः कायम उशिरा यायचा. घोरतो असं म्हटलं की शपथेवर नाकारायचा. एकदा त्यानं बाईंसाठी साडेसात महिने एक घड्याळ दुरुस्त केलं आणि शेवटी गुपचूप नवं आणून ठेवलं. अवस्थेराव हसले. स्वतःचं हसणं त्यांना त्या खोलीत जरा मोठं वाटलं.

शेवटच्या दिवसाच्या पानावर नर्सनं पहाटे एकच शब्द लिहिला होता.

“काय लिहिलंय?” बाईंनी विचारलं.

“कम्फर्टेबल. म्हणजे त्रास नसलेला. निवांत.”

बाईंनी त्यांच्याकडं रोखून बघितलं. “हा अर्थ खरा आहे, भाऊ, का तुमचा?”

अवस्थेरावांनी पान परत वाचलं. वेळ, नाडी, खाली नर्सची सही. “खरा आहे,” ते म्हणाले. “निदान ज्या बाईनं लिहिलंय, तिला ते तसे दिसले.”

बाईंनी मान हलवली आणि फाइल मिटली.

पत्राला मुलाचं उत्तर मात्र येईना. तीन आठवडे झाले. दर शनिवारी शटरच्या बाजूला पोस्टमनच्या वाटेकडं बाईंची खुर्ची थोडी जास्त वळलेली असायची. शेवटी अवस्थेरावांनीच मुलाचा नंबर मागून घेतला. सोमवारी जेवणाच्या सुटीत, टायपिस्टबाई डबा धुवायला गेल्या असताना, त्यांनी फोन लावला.

“मी शब्दकोशातला. माझं पत्र मिळालं का?”

मुलगा म्हणाला, “मिळालं.”

“मग तुमच्या लक्षात आलं असेल, आईंची काही चूक नाही. चूक माझी आहे. त्यांना तो शब्द—”

“मला माहीत होता तो शब्द.”

“काय म्हणालात?”

“स्टेबल म्हणजे काय ते मला माहीत होतं,” मुलगा म्हणाला. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. “मी इथं दिवसभर इंग्रजीतच बोलतो. आई म्हणाली, डॉक्टर स्टेबल म्हणाले, म्हणजे धोक्याबाहेर. मला तिथंच कळलं, हिला अर्थ कळलेला नाही. बॅग भरलेली होती माझी. मी ती परत उघडली. बाबांना तसं, नळ्या लावलेलं, मला बघवलं नसतं. आईनं येऊ नको म्हटलं आणि मी ते धरून बसलो. कळलं का? तुमच्या चुकीनं नाही झालं. तुमच्या चुकीचा मला उपयोग झाला.”

अवस्थेरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मग आईवर राग कशाचा?” त्यांनी विचारलं.

“तिचा आवाज ऐकला की मला मी आठवतो,” मुलगा म्हणाला. “तुम्ही तिला सांगणार?”

टायपिस्टबाई डबा पुसत परत येताना दिसल्या. अवस्थेरावांनी भिंतीकडं तोंड केलं. “तुम्हाला सांगायचं तर सांगा. मी सांगणार नाही. पण तिला फोन करा. पुस्तकावर ढकला, माझ्यावर ढकला, काय हवं ते करा. मी लिहूनच दिलंय. पण बोला तिच्याशी. ती माउली खुर्ची वळवून बसलेली असते.”

आयुष्यात इतकं सलग ते कुणाशी बोलले नव्हते.

शनिवारी ते दुकानात पोहोचायच्या आधीच बाई शटरशी येऊन उभ्या होत्या. “भाऊ, फोन आला! पाऊण तास बोलला. म्हणाला, पत्र वाचलं, आई, तुझी काही चूक नव्हती. रडला हो.” त्यांनी पदरानं डोळे टिपले. मग एकदम विचारलं, “तुम्ही बोललात ना त्याच्याशी? काय म्हणाला तुम्हाला?”

इतकी वर्षं अर्थ पारखून लिहिणारा माणूस तिथं अडखळला. “चूक कुठं झाली ते विचारलं. मी सांगितलं, माझ्याकडून झाली.”

“बरं झालं सांगितलंत,” बाई म्हणाल्या. “कुणीतरी घ्यायलाच हवी होती.”

हे खरं होतं आणि नव्हतंही. अवस्थेरावांनी समोरचं पाणी पिऊन टाकलं. त्या बाईंपासून त्यांनी काहीतरी लपवलं होतं, आणि ते परत कुठल्याच चिठ्ठीवर दुरुस्त करता येणार नव्हतं.

त्या दिवशी बाईंनी त्यांना उभं केलं. “हा शर्ट कुणी शिवला? खांदे बघा कुठं लोंबतायत. थांबा, माप घेते.” त्यांनी टेप खांद्यावरून टाकली, पाठीवर बोटानं दाबून धरली, मग मनगटापर्यंत नेली. अवस्थेराव ताठ उभे राहिले, श्वास धरून. आई गेल्यापासून त्यांच्या पाठीवर कुणाचा हात पडला नव्हता. “श्वास सोडा, नाहीतर छाती मोठी लागेल,” बाई म्हणाल्या. त्यांनी सोडला.

शर्ट पंधरा दिवसांनी तयार झाला, आणि त्याच दिवशी बाईंनी सांगितलं की मुलगा न्यायला येतोय. तो म्हणतो, एकटी कशाला राहतेस. दुकान सोडायचं, यंत्र बरोबर न्यायचं. “तिथंही कुणाच्या ना कुणाच्या बाह्या लांब असतीलच,” त्या हसून म्हणाल्या. अवस्थेरावही म्हणाले, “असणारच की.” त्यांना खरोखर बरं वाटलं होतं. आणि खरोखर बरं वाटत असतानाच पुढच्या शनिवारी कुठं जायचं, हेही मनात आलं होतं. दोन्ही एकदम कसं, याला त्यांच्याकडं शब्द नव्हता, आणि या वेळी त्यांनी तो शोधलाही नाही.

निरोपाच्या दिवशी मुलगा टॅक्सीत सामान चढवत होता. तिशीतला, बापासारखा असावा असा बारीक माणूस. त्यानं अवस्थेरावांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. बाई खिडकीतून शेवटपर्यंत बजावत राहिल्या: शर्ट गरम पाण्यात टाकू नका, कॉलर उलटी करून वाळवा.

सोमवारी अवस्थेरावांनी नवी चिठ्ठी लिहिली. ‘प्रकृतीत सध्या बदल नसलेला, आहे तसाच. बरा होत असलेला असे नव्हे.’ साहेबांनी वाचली, शेवटचं वाक्य लांब आहे म्हणाले.

“ते राहू द्या,” अवस्थेराव म्हणाले.

साहेबांनी वर बघितलं. टायपिस्टबाईंनीही. मग साहेबांनी सही केली.

पुढच्या शनिवारी कचेरी सुटली आणि पाय आपसूक त्याच रस्त्याला लागले. तिथं पोहोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की इथं यायचं काही कारण उरलेलं नाही. शटर पूर्ण वर होतं. आत किल्ल्या बनवणारा बसला होता, भिंतीवर खुंट्यांना शेकडो कोऱ्या किल्ल्या.

“बोला, काय काम?” तो म्हणाला.

काही नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि मग त्यांनी खिशातून घराची किल्ली काढून पुढं केली. “हिची आणखी एक करून द्या.”

किल्लीवाल्यानं ती उजेडात धरली. “जुनी आहे. हरवली होती का दुसरी?”

“नाही. दुसरी नव्हतीच,” अवस्थेराव म्हणाले. खरं तर होती, आईची. ती तिच्याबरोबर कुठं गेली ते त्यांना कधी कळलं नव्हतं.

यंत्र किरकिरलं, पितळेचा बारीक भुगा उडाला. अवस्थेराव नव्या शर्टात फुटपाथवर उभे होते. खांदे बरोबर बसले होते. किल्लीवाल्यानं नवी किल्ली घासून फुंकर मारली आणि विचारलं, “दोन्ही एकाच कडीत घालू?”

अवस्थेरावांनी जरा विचार केला.

“नको,” ते म्हणाले. “वेगळी द्या. कुणाला तरी द्यायचीय.”

किल्लीवाल्यानं ती कागदाच्या तुकड्यात गुंडाळून दिली. कुणाला, ते त्यानं विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर अवस्थेरावांना सांगता आलं नसतं. ते रस्ता ओलांडून बसथांब्यावर जाऊन उभे राहिले.